छताचा दर विचारण्याआधी मापे लिहून काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की राज्यातल्या औद्योगिक वसाहतींत एकच धांदल उडते. चाकण, भोसरी, अंबड, शेंद्रा, बुटीबोरी, कुठेही जा. गेल्या पावसात गळलेल्या शेडचे मालक पत्र्याच्या ठेकेदारांना फोन लावत असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘चौरस फुटाला काय दर?’ तीन कोटेशन येतात, सर्वांत खालचे उचलले जाते, मे महिन्यात घाईघाईने काम उरकते आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तयार मालावर ताडपत्री घालायची वेळ येते. मग ठेकेदाराला शिव्या. पण यात ठेकेदाराची नियतच खोटी असते असे दर वेळी नाही. आपल्याला नेमके काय हवे आहे हे मालकाने कागदावर लिहिलेलेच नसते, त्यामुळे तिघांनी तीन निरनिराळ्या छतांचे दर दिलेले असतात. ज्याने सर्वांत हलके छत मनात धरले, त्याचा दर सर्वांत कमी येणारच. म्हणून ठेकेदार निवडण्याचे काम त्याला बोलावण्याच्या आधी सुरू होते, आणि ते मालकाने स्वतः करायचे असते. हा मुद्दा तपशिलात मांडण्यासाठी हे पत्र.

सुरुवात पत्र्यापासून करू. कोटेशनमध्ये ‘०.५० एमएम कलर कोटेड पत्रा’ एवढेच लिहिलेले असते. हे ०.५० म्हणजे नुसते पोलाद, की पोलाद, त्यावरचा जस्त-ॲल्युमिनियमचा थर आणि रंग असे सगळे मिळून? बाजारात बहुधा दुसरा अर्थ चालतो. जस्त-ॲल्युमिनियमचा थर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम असेल, म्हणजे ज्याला एझेड १५० म्हणतात तो, तर त्याचीच जाडी ०.०४ मि.मी. होते. दोन्ही बाजूंच्या रंगाचे आणखी सुमारे ०.०३ मि.मी., म्हणजे उरलेले पोलाद ०.४३च्या आसपास. हे चूक नाही, पण ते लिहिलेले हवे : पोलादाची जाडी किती, एकूण जाडी किती, थर एझेड १५० की एझेड ७०, पोलाद ५५० मेगापास्कल ताकदीचे की मऊ, आणि रंग साधा पॉलिस्टर, सिलिकॉनयुक्त पॉलिस्टर की पीव्हीडीएफ (सर्वांत टिकाऊ, महाग रंग). मऊ पोलादाच्या पत्र्यावर फिटर चालला की पोचे पडतात आणि पोच्यात पाणी साचते. तारापूर, लोटे, महाड, तळोजा इथल्या रासायनिक हवेत किंवा समुद्राजवळ साधा पॉलिस्टर रंग फार टिकत नाही, तिथे पीव्हीडीएफचा जादा खर्च करावाच. जस्त-ॲल्युमिनियमच्या रंगीत पत्र्यासाठी आयएस १५९६५ आणि नुसत्या जस्ताच्या रंगीत पत्र्यासाठी आयएस १४२४६ अशी वेगवेगळी भारतीय मानके आहेत. आपल्याला कोणता पत्रा हवा, ते मानकाच्या क्रमांकानेच मागावे.

आता हे तपासायचे कसे? मायक्रोमीटर लावणे हा एक उपाय, पण तो कापलेल्या कडेवर लावू नये. कापताना कडेला धातूची बारीक धार उभी राहिलेली असते आणि माप जास्त भरते. कडेपासून दोन-तीन बोटे आत, सपाट भागावर, तीन-चार ठिकाणी मोजावे. दुसरा उपाय जास्त खात्रीचा आहे आणि त्याला काही शिकावे लागत नाही : वजनकाटा. बहुतेक पत्रे १२२० मि.मी. रुंदीच्या कॉइलमधून (पोलादी पट्टीच्या गुंडाळीतून) काढतात. एकूण ०.५० जाडीच्या, एझेड १५० थराच्या पत्र्याचे वजन रनिंग मीटरला साधारण ४.३ ते ४.४ किलो भरते. ०.४५चा पत्रा ३.९ किलोच्या आसपास येतो. ट्रक भरलेला आणि रिकामा तोलून घ्यावा आणि निव्वळ वजनाला एकूण लांबीने भागावे. हजार चौरस मीटरच्या छतावर या दोहोंतला फरक जवळपास अर्धा टन पोलादाचा होतो. ‘माल काट्यावर तोलून घेतला जाईल’ हे एक वाक्य मागणीपत्रात आधीच टाकले, तर पुष्कळ कोटेशने आपोआप खरी होतात. सोबत मिलचे चाचणी प्रमाणपत्र आणि कॉइल क्रमांक मागावा. तो क्रमांक पत्र्याच्या मागच्या छापाशी आणि चलनाशी जुळवून पाहावा.

दरामागची दुसरी मेख मोजमापाची. पत्र्याची एकूण रुंदी आणि बसवल्यावर झाकली जाणारी रुंदी यात शेजारच्या ओव्हरलॅपमुळे सहा-सात टक्क्यांचा फरक पडतो. एकजण पुरवलेल्या पत्र्याचे क्षेत्र मोजतो, दुसरा झाकलेल्या छताचे, तिसरा खालच्या जमिनीचे. जुन्या सिमेंट पत्र्याच्या छताला उतार एकास तीन असेल तर उतारावरचे क्षेत्र जमिनीपेक्षा साडेपाच टक्के जास्त भरते. मोभाची पट्टी, कडेचे फ्लॅशिंग (सांधे झाकणारी पट्टी), पन्हळ, पाणी खाली नेणारे डाऊनटेक पाइप, पारदर्शक पत्रे, जुना पत्रा उतरवणे आणि हलवणे यातले काय दरात आणि काय वेगळे, हेही ठरत नाही. मोठी बिले इथेच फुगतात. ‘बसवलेल्या छताचे निव्वळ क्षेत्र, ओव्हरलॅप वगळून’ असा आधार स्वतः लिहावा आणि बाकी प्रत्येक गोष्टीचे परिमाण रनिंग मीटरमध्ये किंवा नगात देऊन सर्वांकडून त्याच कोऱ्या तक्त्यावर दर भरून घ्यावेत. जीएसटी धरून की सोडून, हेही त्याच तक्त्यावर. एवढे केले तरच तीन कोटेशने शेजारी ठेवून वाचता येतात.

पत्रा चांगला आणला तरी छत गळते ते स्क्रूपाशी. दीड मीटरवर पर्लिन (पत्र्याला खालून आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या) असलेल्या हजार चौरस मीटर छताला सुमारे अडीच ते साडेतीन हजार स्क्रू लागतात. म्हणजे तितकीच भोके आपण पैसे देऊन पाडून घेतो. त्यातली शंभर जरी नीट बुजली नाहीत तरी शंभर ठिकाणी ठिबकते. पावसाचे पाणी सपाट भागातून वाहते, म्हणून छतावर स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर बसवावा, सपाट भागात नाही. भिंतीच्या पत्र्याला सपाट भागात चालतो. वॉशर ईपीडीएम या ऊन सोसणाऱ्या रबराचा हवा. साधा काळा रबर दोन उन्हाळ्यांत चिरतो. स्क्रू किती आवळायचा हेही ठरलेले आहे : वॉशर दबून धातूच्या चकतीच्या कडेशी जेमतेम यावा. बाहेर फुगून आला तर जास्त आवळला, बोटाने फिरला तर कमी. त्यासाठी क्लच किंवा खोली ठरवणारे नाक असलेली स्क्रूगन लागते. इम्पॅक्ट ड्रायव्हरने धडाधड ठोकणारा फिटर दिवसाला जास्त पत्रे लावतो खरा, पण निम्मे वॉशर तिथेच मारतो. स्क्रू तिरका गेला, किंवा पर्लिनला न लागता नुसत्या पत्र्यात गेला, तर तो काढून त्याच भोकात सिलिकॉन भरणे हा उपाय नव्हे. तिथे मोठ्या व्यासाचा स्क्रू, नाहीतर ब्यूटाइल टेपवर (चिकट रबरी पट्टीवर) ठिगळ लागते. ठेकेदाराला विचारा, ‘चुकलेल्या भोकाचे काय करता?’ उत्तरावरून माणूस कळतो.

साइड लॅप, म्हणजे शेजारच्या दोन पत्र्यांचा एकावर एक येणारा भाग, कोणत्या दिशेला उघडतो हा प्रश्न फार थोडे मालक विचारतात. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. पूर्व-पश्चिम मोभ असलेल्या शेडवर पत्रे पूर्वेच्या टोकाकडून लावायला घेतले तर प्रत्येक पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि लॅपचे तोंड वाऱ्याच्या पाठीकडे राहते. उलट लावले तर वारा पाणी थेट लॅपमध्ये ढकलतो. लॅपवर अर्ध्या मीटरच्या आत-बाहेर स्टिच स्क्रू (दोन पत्रे एकमेकांना जोडणारे) हवेत. आडवा लॅप पर्लिनवरच यावा, दीडशे ते दोनशे मि.मी.चा असावा आणि त्यात ब्यूटाइल टेप असावी. उतार एकास दहापेक्षा कमी असेल तर भोके पाडून बसवायचा पत्रा वापरूच नये, तिथे क्लिपवर बसणारी स्टँडिंग सीम पद्धत लागते. कमी उतारावर ‘सिलिकॉन मारून देतो’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवावे. मोभापाशी पत्र्याची सपाट पट्टी वर वळवलेली हवी, तिच्यावर फोमचा फिलर आणि मग मोभाची कॅप. ही वळवलेली पट्टी नसेल तर जोराच्या वाऱ्यात पाणी उतारावर वर चढते आणि मोभाखालून आत येते. मालकाला वाटते, मोभच फुटला.

लांब पत्र्याबद्दल एक सूचना. तीस मीटर लांबीचा पोलादी पत्रा तापमानातल्या चाळीस अंशांच्या फरकाने सुमारे १४ मि.मी. वाढतो-आखडतो. दोन्ही टोकांना पक्का आवळला तर काही वर्षांत स्क्रूची भोके लांबट होतात. बिनजोडाचा सलग पत्रा ही सोय आहे, पण त्या लांबीला प्रसरणाची काय व्यवस्था केली, हे रेखाचित्रावर दिसले पाहिजे.

वाऱ्याचा हिशोब हा सर्वांत दुर्लक्षित भाग. भारतीय मानक आयएस ८७५च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग पुण्याला आणि नाशिकला सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला आणि नागपूरला ४४ मीटर धरला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ने गुणले की दाब न्यूटनमध्ये निघतो. किलोत सांगायचे तर, ३९ला चौरस मीटरला सुमारे ९३ किलो, ४४ला सुमारे ११८ किलो. इमारतीची उंची आणि भोवतालची जमीन यांनुसार तो बदलतो, आणि छताच्या कडा-कोपऱ्यांवर उपसून काढणारा जोर आणखी बराच वाढतो. त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूचे रोलिंग शटर उघडे असेल तर आतून वर ढकलणारा दाब त्यात मिळतो. पत्र्याचे स्वतःचे वजन मात्र चौरस मीटरला चार-साडेचार किलो. थोडक्यात, छत खाली पडू नये यापेक्षा ते वर उडू नये हीच चिंता मोठी. ३ जून २०२०ला अलिबागजवळ निसर्ग चक्रीवादळ धडकले आणि मे २०२१मध्ये तौक्ते कोकण किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा रायगड-रत्नागिरीत असंख्य छपरे उडाली. उडण्याची सुरुवात बहुधा कडेने होते. एक कोपरा सुटला की वारा पत्र्याखाली शिरतो आणि पुढची ओळ सोलत नेतो. म्हणून मानक कडेची पट्टी वेगळी धरते : इमारतीच्या रुंदीच्या १५ टक्के किंवा उंचीइतकी, जी कमी असेल ती. या पट्टीत, वळचणीच्या आणि मोभाच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा, मधल्या भागात एकाआड एक चालू शकतो. नेमकी संख्या अभियंत्याने हिशोबाने द्यावी. ‘कोपऱ्यात किती स्क्रू मारणार?’ या प्रश्नाला ‘सगळीकडे सारखेच’ असे उत्तर आले, तर त्या ठेकेदाराला किनाऱ्यावरचे काम देऊ नये. शहरातलेही देण्याआधी विचार करावा.

पन्हळीचाही हिशोबच असतो. तासाला १०० मि.मी. पाऊस पडला तर हजार चौरस मीटर छतावरून तासाला एक लाख लिटर पाणी येते, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. मुंबईत आणि कोकणात याहून जोराच्या सरी येतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, हे विसरून चालणार नाही. एवढे पाणी किती व्यासाच्या, किती पाइपांतून आणि कुठून जाणार, हे कोटेशनसोबत मागावे. बाहेरच्या कडेची पन्हळ तुंबली तर पाणी बाहेर सांडते. दोन शेडच्या मधली व्हॅली गटर तुंबली तर ते थेट यंत्रावर सांडते. म्हणून मधल्या गटरला टोकाशी, पत्र्याच्या कडेपेक्षा खालच्या पातळीवर, उतू जाण्याची वाट ठेवावीच. पाइप पालापाचोळ्याने बंद झाले तरी पाणी त्या वाटेने बाहेर पडते आणि बाहेरून दिसतेही. गटर पाय ठेवून साफ करता येईल इतकी रुंद आणि जाड पत्र्याची असावी. छताचाच पातळ पत्रा वाकवून केलेली गटर दोन-तीन पावसाळ्यांत तळाशी गंजते. छताचा पत्रा गटरमध्ये दोन-तीन इंच आत लोंबता हवा, नाहीतर पाणी पत्र्याच्या पोटाला चिकटून मागे येते.

बारीकसारीक गोष्टींतही छत मरते. ग्राइंडरने पत्रा कापला की ठिणग्या रंगात रुततात आणि महिन्याभरात लाल ठिपके उमटतात. कातरीने किंवा निबलरने कापायला सांगावे. स्क्रू मारताना पडलेला लोखंडी चुरा रोज संध्याकाळी झाडूने काढावा. साइटवर थप्पीत ठेवलेल्या पत्र्यांमध्ये पाणी शिरले तर लावण्याआधीच डाग धरतात, म्हणून थप्पी एका बाजूला उचलून आणि झाकून ठेवावी. जस्त-ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर शिसपेन्सिलीच्या खुणा करू नयेत आणि ओले सिमेंट त्याला लागू देऊ नये. तांब्याच्या पाइपाचे पाणीही त्यावर सोडू नये. एसीच्या पाइपांचे हे फार होते.

आता जिवाचा प्रश्न. आपल्याकडे अजून हजारो शेडवर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे जुने पत्रे आहेत. ते वरून दणकट दिसतात आणि माणसाच्या वजनाने अचानक फुटतात. धुळीने माखलेला पारदर्शक पत्रा तर शेजारच्या पत्र्यापासून ओळखूही येत नाही. फिटर आरपार खाली पडतो. यासाठी चालायला फळ्या, पर्लिनखाली जाळी, ट्रसला (छत पेलणाऱ्या लोखंडी कैचीला) बांधलेली आडवी लाइफलाइन आणि दोन दोऱ्यांचा संपूर्ण अंगाचा हार्नेस, एवढे किमान हवेच. हार्नेस आयएस ३५२१चा असावा. तो अंगात आहे पण दोरी कशालाच अडकवलेली नाही, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. कोटेशनमध्ये या सामानाची वेगळी ओळ आणि वेगळी रक्कम मागावी. ती ओळ नसलेले कोटेशन स्वस्त असते, कारण तो खर्च मजुराच्या हाडांवर टाकलेला असतो. ओल्या पत्र्यावर आणि सुसाट वाऱ्यात काम बंद, हे लिहून घ्यावे. कामगार नुकसानभरपाईच्या विम्याची प्रत मागावी. तीत छतावरच्या उंचीच्या कामाचा उल्लेख आहे का आणि प्रत्यक्ष येणाऱ्या माणसांची संख्या धरली आहे का, हे पाहावे. ईएसआय आणि पीएफचे क्रमांक नुसते लेटरहेडवर असून उपयोग नाही, गेल्या तीन महिन्यांची चलने पाहावीत. अपघात झाला तर जबाबदारी जागेच्या मालकापर्यंत येते.

ॲस्बेस्टॉसचे पत्रे उतरवताना हातोड्याने फोडू नयेत, ग्राइंडर लावू नये, वरून खाली टाकू नयेत. पाणी मारून ओले करावेत, अख्खे उतरवावेत, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावेत. त्यातले तंतू फुप्फुसात जातात आणि आजार कित्येक वर्षांनी वर येतो. हे पत्रे भंगारात किंवा नाल्याकाठी टाकायचे नसतात. घातक कचऱ्याची मान्यताप्राप्त केंद्रे तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. तिथे पोहोचवल्याची पावती मिळाल्याशिवाय उतरवण्याचे बिल देऊ नये. ‘पत्रा आम्हीच घेऊन जाऊ, त्याचे पैसे कमी करू’ असे म्हणणारा ठेकेदार ते कुणाच्या तरी गोठ्यावर चढवणार आहे, हे ओळखावे. जुने जे-बोल्ट (पत्रा पर्लिनला धरणारे वाकडे बोल्ट) गॅसने कापायचे असतील तर खाली माल, थिनर, पुठ्ठा आहे का ते आधी पाहावे. हॉट वर्कची (आग-ठिणग्यांच्या कामाची) परवानगी, खाली ओले गोणपाट, आगीची बाटली आणि काम संपल्यावर निदान तासभर थांबणारा माणूस, एवढे हवेच.

मग ठेकेदार ओळखायचा कसा? जो छतावर न चढता, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून दर देतो, त्याला यादीतून काढावे. चांगला माणूस आधी खालून पाहतो : पर्लिनमधले अंतर, पर्लिन कुठे झुकली आहे, ट्रसच्या सांध्यांवर गंज किती, सॅग रॉड (पर्लिन झुकू नयेत म्हणून लावलेल्या सळया) जागेवर आहेत का, गळतीचे डाग स्क्रूखाली आहेत की लॅपखाली की गटरशी. मग तो वर जातो. गळतीचे कारण गटर असताना अख्खा पत्रा बदलायला सांगणारेही भेटतात, आणि पर्लिन कुजलेली असताना वरून नवा पत्रा ठोकून देणारेही. त्याच्या पाहणीचा दोन पानी अहवाल, फोटोंसह, मागावा. वाटल्यास त्याचे पैसे द्यावेत. ट्रस जुना असेल तर स्ट्रक्चरल अभियंत्याचा दाखला वेगळा घ्यावा, तो ठेकेदाराच्या खिशातला नको.

जुनी कामे पाहायला जाल तेव्हा गेल्या महिन्यातले चकचकीत काम पाहू नका. किमान तीन पावसाळे झालेले छत पाहा, आणि जमले तर पावसातच जा. आत उभे राहून दिवे बंद करायला सांगा. स्क्रूच्या भोवती उजेडाचे ठिपके दिसले तर ती चुकलेली भोके. शिडीवरून स्क्रूची ओळ पाहा. ती दोरीत असेल तर फिटरने पर्लिनची रेघ मारून काम केले, वेडीवाकडी असेल तर अंदाजाने. तिथल्या मेंटेनन्सच्या माणसाशी बोला, मालकाशी नव्हे. गळती झाल्यावर बोलावले तेव्हा किती दिवसांनी आले, हे त्यालाच ठाऊक असते. आणखी एक गोष्ट : कोटेशन देणारी फर्म आणि वर चढणारी टोळी पुष्कळदा वेगळी असते. यात गैर काही नाही, पण कोणता मुख्य फिटर येणार त्याचे नाव वर्क ऑर्डरमध्ये असावे आणि काम दुसऱ्याला परस्पर देऊ नये अशी अट असावी. पाहिलेले काम एका टोळीचे आणि तुमच्याकडे येणारी दुसरीच, असे होऊ नये.

पत्र्याऐवजी आरसीसी स्लॅब असलेल्या व्यापारी इमारतींबद्दल थोडक्यात. जुना कोबा गळतो म्हणून त्यावरच नवा ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) घालू नये. चार इंची कोब्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जाते आणि स्लॅब त्यासाठी बनलेला नसतो. लेप लावण्याच्या पद्धतीत ‘दोन कोट’ असे न लिहिता वाळल्यावरची जाडी मि.मी.मध्ये आणि चौरस मीटरला किती किलो माल लागणार ते लिहावे, आणि रिकामे डबे मोजावेत. ओल असलेल्या स्लॅबवर लेप दिला की फुगे येतात. कामाआधी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा, सकाळी खाली घाम दिसला तर थांबावे. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यातला वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, आणि पावसाळी पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाचा खोलगट भाग इथेच निम्मी गळती असते. शेवटी तीन दिवस पाणी भरून चाचणी घ्यावी.

छतावर सोलर बसवायचे असेल तर ते आत्ताच सांगावे. पॅनेलचे चौरस मीटरला पंधरा-वीस किलो वजन पर्लिनच्या हिशोबात धरावे लागते, आणि नंतर आलेली सोलरची माणसे स्वतःच्या स्क्रूंची हजारभर भोके पाडून जातात. मग गळतीची जबाबदारी छतवाला सोलरवाल्यावर टाकतो आणि सोलरवाला छतवाल्यावर. काम हाती देताना-घेताना दोघांची एकत्र पाहणी आणि दोघांच्या सह्या, एवढाच यावर उपाय.

वॉरंटी दोन असतात आणि त्या वेगळ्या असतात. मिलची वॉरंटी पत्र्याच्या रंगाची आणि गंजाची. ती तुमच्या कंपनीच्या नावाने आणि प्रकल्पाच्या पत्त्यासह लेखी घ्यावी, आणि समुद्रापासूनचे अंतर वा रासायनिक परिसर तीत वगळला आहे का ते वाचावे. गळतीची वॉरंटी ठेकेदाराची. तीत ‘तक्रारीनंतर ४८ तासांत माणूस येईल, न आल्यास मालक दुसऱ्याकडून दुरुस्ती करून खर्च राखीव रकमेतून वळता करील’ असे वाक्य नसेल, तर दहा वर्षांचा आकडा कागदावरच राहतो.

काम द्यायचे ते जानेवारी-फेब्रुवारीत द्यावे. मे महिन्यात चांगल्या टोळ्या मोकळ्या नसतात, आणि वळिवाचे ढग दुपारी कधी चढतील त्याचा नेम नसतो. केव्हाही करा, पण संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढेच छत सकाळी उघडायचे, ही अट असावी. आगाऊ रक्कम २० टक्क्यांच्या वर देऊ नये. मालाचे पैसे काटा-पावती आणि चाचणी प्रमाणपत्र जुळल्यावर, बसवण्याचे पैसे मोजमाप झाल्यावर. दहा टक्के पहिल्या पावसाळ्यानंतर, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, आणि त्यातलेही निम्मे दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवावेत, असे आमचे मत आहे. पहिल्या मोठ्या पावसात छताखाली फिरून प्रत्येक ठिबकणाऱ्या जागेची खूण जमिनीवर खडूने करावी, खांबांच्या क्रमांकांसह तिचा नकाशा काढावा आणि त्याच दिवशी ठेकेदाराला पाठवावा. पाऊस थांबल्यावर पाणी नेमके कुठून आले होते, हे कुणालाच सांगता येत नाही.

आपले,
औद्योगिक शेड आणि छतकामाशी संबंधित काही अभियंते, पिंपरी-चिंचवड